मीटर म्हणतो ३६.५, गाडी म्हणते ३२.४: मधली चार युनिटं कुठे गेली?

वाचकाचं पत्र: "माझ्याकडे नेक्सॉन ईव्ही आहे, ४०.५ युनिटच्या बॅटरीची, २०२३ च्या शेवटी घेतलेली. आतापर्यंत १८,४०० किमी झाले. पिंपळे सौदागरला सोसायटीत राहतो. पार्किंगमध्ये १५ अँपिअरचं सॉकेट आहे आणि त्यावर सोसायटीने सब-मीटर बसवलाय. गाडी २० टक्क्यांवरून १०० टक्के भरली की सब-मीटरवर ३६.५ युनिटं पडतात. पण ४०.५ चे ८० टक्के म्हणजे ३२.४ होतात. वरच्या चार युनिटांचे पैसे मी का भरायचे, यावरून कमिटीशी रोज खटके उडतात. दुसरं म्हणजे कंपनीने ४६५ किमी सांगितले होते. मला महामार्गावर ९० ते १०० च्या वेगाने ८० टक्क्यांत जेमतेम २१५ किमी मिळतात. बॅटरी उतरली का? मुलगा म्हणतो, गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला ओबीडी डोंगल लावा, सगळा डेटा मोबाइलवर येईल. त्याने वॉरंटी जाईल का? नेमके कोणते आकडे लिहून ठेवायचे?"

नमस्कार. कमिटीशी वाद थांबवा. मीटर खोटं बोलत नाहीये आणि गाडीही नाही. दोघं दोन वेगळ्या जागी मोजतात. सब-मीटर मोजतो भिंतीतून बाहेर पडलेली वीज, गाडी सांगते बॅटरीत जमा झालेली. या दोन जागांमध्ये वायर आहे, प्लग आहे, गाडीच्या पोटातला ऑनबोर्ड चार्जर आहे, आणि चार्जिंग चालू असेपर्यंत जागं राहणारं सगळं इलेक्ट्रॉनिक्स आहे. प्रत्येक जण आपला वाटा घेतो. एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे घरच्या सॉकेटवरून भरताना, १० ते १५ टक्के घट धरूनच चालायचं असतं. तुमची घट साधारण ११ टक्के आहे. त्यात वावगं काही नाही, पण त्यातला एक भाग कमी करता येतो, म्हणून जरा फोड करून पाहू.

वायरपासून सुरुवात करा. १५ अँपिअरच्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर १३ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, म्हणजे जवळपास ३ किलोवॉट, आणि तोही सलग बारा-साडेबारा तास. घरातलं दुसरं कुठलंही उपकरण इतका वेळ एका दमात इतका भार टाकत नाही. गिझरसुद्धा वीस मिनिटांत थांबतो. सब-मीटर मीटर रूममध्ये आहे, तिथून तुमच्या पार्किंगपर्यंत ६० मीटर वायर आहे आणि ती २.५ स्क्वेअर एमएमची आहे असं धरा. जाऊन-येऊन १२० मीटर तांबं झालं. त्याचा रोध साधारण ०.९ ओहम भरतो. १३ अँपिअरला वाटेतच ११ ते १२ व्होल्ट पडतात आणि १५० वॉट नुसते वायर गरम करण्यात जातात. साडेबारा तासांत हे १.९ युनिट झालं. तेवढ्याच अंतरावर ४ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर ९३ वॉट जातात, ६ ची असेल तर ६२.

उरली ३४.६ युनिटं. ऑनबोर्ड चार्जर एसीचं डीसी करताना काही टक्के उष्णतेत घालवतो. त्याच वेळी बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा), कंट्रोलर, गरज पडली तर कूलंट पंप, आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी भरणारा कन्व्हर्टर हे सगळे चालू असतात. दोन्ही मिळून ८ टक्के धरले तर बॅटरीत पोचतात ३१.८. तुमचा ३२.४ हा आकडा मुळात ४०.५ पूर्ण वापरायला मिळतात असं गृहीत धरून काढलेला आहे. प्रत्यक्षात बॅटरीचा तळाचा आणि माथ्याचा थोडा भाग गाडी राखून ठेवते. म्हणजे हिशेब जुळतो.

तरीही मीटरबद्दल शंका असेल तर ती भांडून नाही, मोजून मिटवा. पहिली चाचणी फुकटची आहे. रात्री गाडीचा प्लग काढून ठेवा, मीटरचं रीडिंग लिहा, सकाळी परत बघा. आकडा हलला असेल तर त्या लाइनवर दुसरं काहीतरी जोडलेलं आहे. जुन्या इमारतींत पार्किंगचा दिवा किंवा कॅमेरा बऱ्याचदा जवळच्या लाइनवरच टाकलेला असतो. हे निघालं तर तुमची तक्रार रास्त आहे. दुसरी चाचणी मीटरच्या तोंडावरच्या लाल दिव्याची. त्याच्याजवळ 'इम्प प्रति केडब्ल्यूएच' असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, समजा ३२००. चार्जिंग चालू असताना मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये एक मिनिट व्हिडिओ घ्या आणि नंतर निवांत लुकलुक मोजा. १६० वेळा लुकलुकला तर ०.०५ युनिट झालं, म्हणजे ३ किलोवॉट. त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या. क्लॅम्प फक्त फेजच्या वायरीभोवती हवा, दोन्ही वायरी एकत्र पकडल्या तर तो शून्य दाखवतो. करंट गुणिले व्होल्टेज हे उत्तर दिव्याच्या आकड्याच्या दोन-तीन टक्क्यांत आलं की मीटर बरोबर आहे. प्लगमध्ये लावायचे स्वस्त वॉटमीटर मिळतात, ते यासाठी दहा मिनिटं वापरायला हरकत नाही. रात्रभर मात्र त्यातून गाडी चार्ज करू नका. त्यांच्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असलं तरी आतल्या पत्र्या तेवढा वेळ तो भार सोसत नाहीत.

इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर आणखी एक मोजमाप करून घ्या, आणि माझ्या मते या सगळ्यात तेच सगळ्यात मोलाचं आहे. चार्जिंग सुरू नसताना सॉकेटवर व्होल्टेज किती आणि सुरू झाल्यावर किती? २३२ चे २२२ झाले तर चालतं. २३२ चे २१० झाले तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा वायर बारीक आहे, आणि जवळजवळ ३०० वॉट नुसते तापण्यात जाताहेत, सांधा ढिला असेल तर एकाच जागी. चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लग हाताला कोमट लागला तर ठीक. चटका बसला, प्लास्टिक पिवळं पडलं किंवा जळका वास आला तर त्या दिवसापासून तिथे चार्जिंग बंद करा. सॉकेट चांगल्या कंपनीचं औद्योगिक प्रकारचं घ्या, स्क्रू कसून घ्या, त्या लाइनला स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नाही. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लाल दिवा लावून थांबतो. अशा वेळी न्यूट्रल आणि अर्थ जोडून त्याला 'फसवणारे' वायरमन भेटतात, त्यांना हात लावू देऊ नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीची बॉडी फेजला येते.

आता ४६५ किमीचं. हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, औद्योगिक वसाहत नव्हे) नावाच्या ठरलेल्या चक्रात गाडी चालवून काढतात. वेग कमी, वारा नाही, चढ नाही, एसी बंद. ४०.५ ला ४६५ ने भागा, किलोमीटरला ८७ वॉट-तास येतात. रस्त्यावर हे जमत नाही. तुमचे ३२.४ भागिले २१५ म्हणजे किमीला १५१ वॉट-तास. ९० ते १०० च्या वेगाने चालवणाऱ्या उभट बांध्याच्या एसयूव्हीला हा आकडा अगदी नेहमीचा आहे. बॅटरी उतरल्याची ही खूण नाही. टाटांनीच पुढे नव्या गाड्यांसाठी 'सी७५' नावाचा, म्हणजे ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्ष रस्त्यावर मिळेल असा, दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली. ४५ युनिटच्या नेक्सॉनला प्रयोगशाळेतला आकडा ४८९ आणि सी७५ मात्र ३५० ते ३७०. दोन्हींतला फरक बघितलात की तुमचा अपेक्षाभंग कुठून आला ते कळेल.

किमीला किती वीज लागते हे ठरवणाऱ्या गोष्टींत वेग सगळ्यांत वर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की किमीमागे हवेशी झगडण्यात ५६ टक्के जास्त ऊर्जा जाते. मुंबईला जाताना ८० ते ८५ धरून एकदा जा आणि नोंद करा, १५१ चा आकडा तुमच्याच डोळ्यांसमोर खाली आलेला दिसेल.

घाटाचं गणित पुणेकरांनी स्वतंत्र समजून घ्यावं असं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. माणसांसकट १,७०० किलोची गाडी साडेपाचशे मीटर वर चढवायला नुसत्या उंचीचीच अडीच युनिटं लागतात, आणि मोटर-कंट्रोलरची घट धरली तर तीनच्या जवळ. तुमच्या बॅटरीचे सात टक्के. म्हणून मुंबईहून परतताना आकडा वाईट येतो आणि जाताना चांगला येतो. यात गाडीचा किंवा तुमच्या पायाचा दोष नाही. उतारावर रीजनमुळे, म्हणजे वेग रोखताना मोटर उलट वीज तयार करते त्यामुळे, यातली साठ-सत्तर टक्के परत मिळते. पण त्यासाठी बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यात हॉटेलवर रात्रभर चार्ज करून शंभर टक्क्यांवर निघालात तर बोरघाटात रीजन जवळपास बंद असतं, गाडी आपोआप धरत नाही, आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. पहिल्यांदा हा अनुभव आला की माणूस घाबरतो. तिथून निघायचं असेल तर ८५-९० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा. आणि नोंदीत एकेरी फेरी कधी लिहू नका, जाऊन-येऊन दोन्हींची सरासरी घ्या.

एसीचं मात्र लोक उलटं समजतात. गाडी थंड झाल्यावर एसी साधारण एक किलोवॉट खातो असं धरा. महामार्गावर तासाला ८० किमी कापता, म्हणजे किमीला १२ वॉट-तास, फार काही नाही. तोच एसी हिंजवडीच्या कोंडीत ताशी १५ किमीने सरकताना किमीला ६६ वॉट-तास घेतो. संध्याकाळी ऑफिसातून येताना रेंज का गळते याचं उत्तर इथे आहे. प्लग लावलेला असतानाच निघण्याआधी दहा मिनिटं अ‍ॅपवरून एसी सुरू केलात तर गाडी थंड करण्याचं जड काम भिंतीच्या विजेवर होतं. टायरची हवा थंड टायरवर, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरा. टायर बदललेत तर ती तारीख वहीत लिहाच, कारण साधे टायर टाकल्यावर खप वाढतो आणि सहा महिन्यांनी लोक बॅटरीला दोष देतात.

आणि स्क्रीनवर दिसणारे 'उरलेले किमी' नोंदवू नका. तो गेल्या काही किलोमीटरवरून गाडीने बांधलेला अंदाज आहे. घाट उतरलात की तो फुगतो, घाट चढलात की कोसळतो. त्यात तुमच्या बॅटरीविषयी काहीच माहिती नसते.

मग लिहायचं काय? रोजचं लिहायला चारच आकडे पुरतात: तारीख, ओडोमीटर, सब-मीटरचं रीडिंग आणि टक्के. चार्जिंग सुरू करताना एकदा, संपल्यावर एकदा. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना ठेवा. घाट, पाच माणसं, टायर बदलले, मुसळधार पाऊस, असं काही असेल तरच दोन शब्द. मोबाइलवर गूगल शीट असलं की झालं. लिहायचा कंटाळा असेल तर मीटरचा आणि डॅशबोर्डचा एकेक फोटो काढा, फोटोत वेळ आपोआप येते, रविवारी बसून भरा.

हिशेब 'पूर्ण ते पूर्ण' करायचा, पेट्रोलची टाकी फुल करून अ‍ॅव्हरेज काढत होतात तसाच. समजा १०० टक्क्यांवर ओडोमीटर १८,२४० होता. गाडी फिरली, परत १०० टक्के केली तेव्हा १८,४५५. या चार्जिंगला मीटरवर ३६.५ पडली. ३६.५ भागिले २१५, गुणिले १,०००, म्हणजे भिंतीपाशी किमीला १७० वॉट-तास. गाडीच्या स्क्रीनवर १५० च्या आसपास दिसेल. दोन्ही लिहा. या दोघांचं गुणोत्तर, तुमच्या बाबतीत ०.८८ ते ०.८९, हे तुमच्या चार्जिंगच्या जागेचं कायमचं माप आहे. ते अचानक ०.८२ वर आलं तर गाडीकडे नाही, आधी सॉकेटकडे बघा, तिथे सांधा तापायला लागला आहे. खिशाचा हिशेब नेहमी भिंतीच्या आकड्यावर करायचा. युनिटला १० रुपये धरले तर किमीला १ रुपया ७० पैसे. स्क्रीनच्या आकड्यावर केलात तर २० पैसे लपतात.

मध्येच बाहेर डीसी फास्ट चार्जर वापरला तर ती युनिटं वेगळ्या रकान्यात टाका, घरच्या युनिटांत मिसळू नका. डीसी चार्जरवर साधारणपणे चार्जिंग गनमधून गाडीत गेलेली वीज मोजतात. एसीचं डीसी करण्याची घट तिथे मशीनमध्ये झालेली असते आणि तिची किंमत दरात धरलेली असते. घरची ३० युनिटं आणि डीसीची ३० युनिटं बॅटरीत सारखी भरत नाहीत. डीसीचा दर घरापेक्षा खूप चढा आणि वर १८ टक्के जीएसटी, त्यामुळे रुपयांचा रकानाही वेगळाच ठेवा.

दरावरून एक गोष्ट. सोसायटी तुम्हाला युनिटमागे कोणता दर लावते ते कमिटीकडून वीजबिल दाखवून समजून घ्या, हा प्रश्न चार युनिटांच्या वादापेक्षा मोठा आहे. मूळ जोडणी कोणत्या वर्गातली आहे त्यावर दर ठरतो. घरच्या मीटरवरून लाइन आणायचा विचार असेल तर महावितरणचे घरगुती टप्पे लक्षात ठेवा: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, ५०० च्या वर. महिन्याला १,००० किमी चालवता तर १७० युनिटं गाडीची. घराची १८० असतील तर एकूण ३५०, म्हणजे शेवटची ५० वरच्या टप्प्यात गेली आणि ती गाडीमुळे गेली. उन्हाळ्यात घरचा एसी लागला की आणखी. गाडीचा खर्च बिलाच्या सरासरी दराने काढू नका, गाडी आल्याने बिल जितकं वाढलं तितका तिचा खर्च. महावितरण ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही देतं, त्याला टप्पे नसतात पण स्थिर आकार वेगळा लागतो. महिन्याचे किमी जास्त असतील तर ती परवडते, कमी असतील तर स्थिर आकारच फायदा खातो. तुमच्या वहीतल्या तीन महिन्यांच्या आकड्यांवर हे दोन्ही मांडून बघा.

बॅटरी खरंच उतरतेय का हेही याच वहीतून कळतं. तुमच्या गाडीत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीचे सेल आहेत. या सेलची गंमत अशी की साधारण २० ते ८० टक्क्यांदरम्यान व्होल्टेज जवळजवळ हलतच नाही, ३.२ ते ३.३ च्या आसपास राहतं. त्यामुळे व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली आहे ते गाडीला ओळखता येत नाही. ती आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजत बसते, आणि त्यात रोज थोडी चूक साचते. ही चूक सुधारायची जागा एकच, माथा. पूर्ण भरताना व्होल्टेज एकदम चढतं आणि तिथे गाडी आपला हिशेब नव्याने लावते. म्हणून एलएफपीच्या गाडीला मालकाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अंतराने स्लो चार्जरवर शंभर टक्के भरावं लागतं. कायम ४० ते ८० टक्क्यांत ठेवणारे, 'बॅटरी जपतो' म्हणणारे लोक उलट टक्क्यांचा आकडा चुकवून घेतात, आणि मग कधीतरी रस्त्यात १४ टक्क्यांचे एकदम ६ होतात. ९९ किंवा १०० वर आल्यावर चार्जर अर्धा-पाऊण तास चालूच राहिला तर ओढून काढू नका. त्या वेळी मागे पडलेले सेल बाकीच्यांच्या बरोबरीला आणण्याचं काम चाललेलं असतं.

क्षमता तपासायची तर असं करा. पुस्तिकेप्रमाणे एक-दोनदा शंभर टक्के करून घ्या. मग २० टक्क्यांच्या आसपास गाडी आणा, तासभर उभी ठेवा आणि त्याच सॉकेटवर, त्याच चार्जरने पूर्ण भरा. किती टक्के भरले आणि मीटरवर किती पडली ते लिहा. असं तीनदा करून सरासरी घ्या. आज ८० टक्क्यांना ३६.५ लागतात, हा तुमचा पाया. दर डिसेंबरात हेच करा. इथे आकड्याची दिशा नीट समजून घ्या: बॅटरी उतरली की ८० टक्के भरायला कमी युनिटं लागतात, कारण टक्के हे उरलेल्या क्षमतेचे असतात. काही वर्षांनी ३६.५ ऐवजी ३३ लागायला लागली तर क्षमता दहा टक्क्यांनी घटली. एखाद्या चार्जिंगला ३५ पडली म्हणून घाबरायचं नाही, एवढा फरक टक्क्यांच्या अंदाजात मावतो. मध्ये वायर किंवा सॉकेट बदललंत तर घटही बदलते, तेव्हा पाया नव्याने काढा.

आता मुलाचं डोंगल. लावायला हरकत नाही, पण रोजच्या नोंदीसाठी नाही, तपासणीसाठी. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणाऱ्या ईएलएम३२७ प्रकारच्या डोंगलांत नकली माल भरपूर आहे. अगदी स्वस्तात मिळणारी बरीचशी अर्धवट आज्ञाच ओळखतात, आणि ईव्हीचे लांबलचक संदेश वाचताना अडकतात किंवा चुकीचा आकडा देतात. आयफोन असेल तर ब्लूटूथ ४.० म्हणजे लो-एनर्जी लिहिलेलंच घ्या, जुन्या ब्लूटूथचं त्याला दिसतच नाही. खरेदीआधी अ‍ॅपमध्ये तुमच्या मॉडेलची प्रोफाइल आहे का ते बघा. सर्वसाधारण ओबीडी कोड पेट्रोल-डिझेल इंजिनासाठी आहेत. बॅटरीचे आकडे निर्मात्याच्या स्वतःच्या कोडमध्ये असतात, प्रोफाइल नसेल तर पडदा कोराच राहील.

जोडणी झाली की बघायचं ते इतकं: सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त सेल व्होल्टेज, बॅटरीचं तापमान, आणि १२ व्होल्टचं व्होल्टेज. सेलमधला फरक गाडी ४० ते ६० टक्क्यांवर असताना, अर्धा तास उभी राहिल्यावर वाचा. तिथे एलएफपीत तो काही मिलिव्होल्टच असतो, २० पर्यंत असला तरी चिंता नाही. हाच फरक १०० टक्क्यांवर वाचलात तर शंभराच्या वर दिसू शकतो आणि लोक लगेच सर्व्हिस सेंटर गाठतात. माथ्यावर व्होल्टेजचा चढ इतका तीव्र असतो की क्षमतेतला किरकोळ फरकही मोठा दिसतो. खरी खूण वेगळी: १५-२० टक्क्यांच्या खाली, जोर लावताना, एकच सेल बाकीच्यांपासून तुटून खाली जातो आणि दर वेळी तोच जातो. असं दिसलं तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. अ‍ॅपमधल्या 'एसओएच' (बॅटरीची तब्येत) या टक्क्यावर फार भिस्त ठेवू नका. तो बीएमएसचा अंदाज आहे, बरीच वर्षं १०० वर अडून राहतो आणि एखाद्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर एकदम बदलतो.

डोंगल काम झालं की काढून ठेवा. गाडी बंद असतानाही काही डोंगल करंट घेत राहतात, काही तर गाडीच्या मॉड्यूलना झोपूच देत नाहीत, आणि १२ व्होल्टची बॅटरी उतरते. मोठ्या बॅटरीत ८० टक्के असूनही गाडी मग सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, या छोट्या बॅटरीवरच चालतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.५ च्या वर व्होल्टेज असेल तर उत्तम, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, १२ च्या खाली गेलं तर बदलायची तयारी ठेवा.

वॉरंटीच्या दृष्टीने वाचणं आणि लिहिणं यात फरक करा. अ‍ॅपमधली 'कोड पुसा', 'कोडिंग', 'अ‍ॅक्च्युएटर टेस्ट' ही बटणं दाबू नका. पुसलेला कोड हाच पुढे तुमचा पुरावा असू शकतो. सर्व्हिसला गाडी देताना डोंगल काढूनच द्या. आणि कुठल्याही तिसऱ्या अ‍ॅपला कंपनीच्या अ‍ॅपचा लॉगिन-पासवर्ड देऊ नका, त्यातून गाडी कुठे उभी आहे ते दिसतं आणि दारही उघडता येतं. गाडी विकलीत तर त्याच दिवशी कंपनीच्या अ‍ॅपमधून तिची नोंद काढा.

तुमच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे, १८,४०० वर असताना घाई कसली नाही. पण कधी रेंज खरोखर घटली आणि सर्व्हिस सेंटरला जावं लागलं, तर "रेंज कमी मिळते" एवढंच सांगितलंत की "गाडी चालवण्यावर अवलंबून आहे" हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी लेखी द्या: अमुक तारखेला २० ते १०० टक्के भरायला त्याच सॉकेटवर ३६.५ युनिटं, आज तीन चार्जिंगची सरासरी इतकी, अमुक टक्क्यांवरून अमुक टक्क्यांवर एकदम उडी, तेव्हा ओडोमीटर इतका, सोबत मीटरचे फोटो आणि सेल व्होल्टेजचा स्क्रीनशॉट. बॅटरीची क्षमता चाचणी करून तिचा छापील अहवाल मागा आणि जॉब कार्डवर तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या. जॉब कार्डाची प्रत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.